ठिणगी कुठे ठेवायची

छगनच्या मोबाइलमध्ये अकरा सेकंदांचा एक स्फोट होता, आणि तो दिवसातून चाळीस वेळा तरी व्हायचा.

आवाज नव्हता त्याला. निळ्या नकाशावर, डावीकडच्या कोपऱ्यात, आधी पिवळा ठिपका उमटे. ठिपक्याची वाटी होई, वाटीची परात. मग नारिंगी रंग भिंतीपर्यंत जाऊन आपटे, वळून परत येई, आणि खिडक्यांच्या जागी एकेक लाल जीभ बाहेर पडे. शेवटी सगळं पुन्हा निळं, शांत, जसं काही घडलंच नाही. लगेच छगनचा अंगठा ते परत पहिल्या सेकंदावर नेऊन ठेवायचा.

नूतनने, त्याच्या बायकोने, ती फिल्लम पहिल्यांदा बघितली तेव्हा तिच्या मनात पहिलं काय आलं असेल, तर निळा जरा जास्तच गडद घेतलाय. नंतर तिला स्वतःची लाज वाटली. पण बावीस वर्षं साड्यांची डिझाइनं काढणाऱ्या बाईच्या डोळ्यांना कुणी सांगावं की आज रंग बघू नका म्हणून?

खरा स्फोट फेब्रुवारीत झाला होता, गुजरातेतल्या उधन्याच्या एका प्रोसेस हाउसमध्ये, म्हणजे कापड रंगवण्याच्या कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत. तिथे छगन तीन नंबरच्या स्टेंटरवर होता. स्टेंटर म्हणजे ओलं कापड दोन्ही काठांनी धरून, ताणून, गॅसच्या आचेवर सुकवणारं लांबच लांब मशीन. गॅस कुठून तरी गळत राहिला, पत्र्याखाली साचला आणि भडकला. चार माणसं भाजली, त्यांत छगनचे हात. छगनच्या कानांचे पडदे गेले. आता एका कानाने काहीच नाही आणि दुसऱ्याने गोधडीतून आल्यासारखं ऐकू यायचं. त्याच्या शेजारच्या मशीनवरच्या ललितचा एक डोळा गेला.

मग तपास करणारी कंपनी आली. तिने बासष्ट पानांचा इंग्रजी अहवाल लिहिला आणि सोबत ही फिल्लम जोडली. बासष्ट पानं कुणी वाचली नाहीत. फिल्लम सुपरवायजरने सगळ्यांच्या मोबाइलवर पाठवली. त्यात पिवळा ठिपका जिथे उमटायचा, तिथे तीन नंबरचा व्हॉल्व्ह होता. आणि तीन नंबरचा व्हॉल्व्ह सुट्टीत बंद करायचं काम छगनचं.

छगनला त्या दुपारचं एवढंच आठवे, की डब्याची पिशवी खुंटीवरून काढली. त्यानंतर एकदम आभाळ, पत्रा उडालेलं, आणि त्यात एक घार. मधली पाच-सात मिनिटं कुणीतरी कात्रीने कापून नेल्यासारखी. त्या भोकात ही फिल्लम बरोब्बर बसली. पहिल्या आठवड्यात तो म्हणे, असं झालं असेल. दुसऱ्यात म्हणाला, असंच झालं. आणि आता तर तो व्हॉल्व्ह कसा अर्धवट राहिला, चाक हाताला कसं गरम लागलं, ते सगळं सांगू लागला होता. फिल्लममध्ये ना हात होता, ना चाक.

अडीच महिने तो घराबाहेर पडला नव्हता. ललित कामरेजला सासुरवाडीत होता, तासाभराच्या वाटेवर. छगन गेला नाही. आणि सोमवारी चौकशी होती. सोमवारी तो सरकारी साहेबांपुढे सही करणार होता, की व्हॉल्व्ह मी उघडा ठेवला.

"मन्हा पोऱ्यानी वीस वरीस नळ बंद कया, आन् एकच दिवस इसरना?" त्याची आई कलाबाई भाकरी थापता थापता तव्याला विचारी. "त्या डबडाले काय म्हाईत?"

"माय, ते कम्प्युटरमा येल शे," छगन म्हणे. एवढं मात्र त्याला ऐकू येई.

यावर नूतन काही बोलायची नाही. तिला त्यात बोलण्यासारखं काही वाटत नव्हतं, हीच तर गंमत. तिच्या धंद्यात आधी चित्र स्क्रीनवर येतं आणि कापड नंतर येतं. चित्र खरं, कापडाने चित्रासारखं व्हायचं असतं. एकदा पाच हजार मीटरवर पोपट बिनचोचीचे छापून आले, तर छपाईच्या मास्टरने कापड आपटलं आणि स्क्रीनकडे बोट केलं: हे बघ, चोच आहे! असल्या धंद्यातले नवराबायको दोघं. स्फोटाचं चित्र आलं म्हटल्यावर त्यांना वाटलं, हेच मूळ डिझाइन. त्या दुपारी जे झालं ते यावरून छापलेलं.

शनिवारी दुपारी प्रज्ञा आली, लॅपटॉप छातीशी धरून. ही समोरच्या रांगेतल्या प्रभावतीची मुलगी. बाप रेल्वेत होता, आता मुलगी इंजिनिअरिंग कॉलेजात पीएचडी करत होती, आणि विषय काय, तर स्फोट. बॉम्बचे, खाणीतले, सगळे. कम्प्युटरवर स्फोट करून बघायची विद्या कशी कशी वाढत गेली, तो इतिहास तिच्या पहिल्या प्रकरणात होता, आणि त्यातल्या आकृत्या ती नूतनकडून साफ करून घ्यायची. नूतनचा हात स्वच्छ. शाळा नववीपर्यंत, पण रेघ अशी, की बघणाऱ्याने वळून बघावं.

"मावशी, ही लाट जरा बारीक करा ना," प्रज्ञा म्हणाली.

"किती बारीक?"

"खरी म्हणाल तर केसाचे हजार भाग केले, तर त्यातल्या एका भागाएवढी. तिच्या अलीकडे सगळं थंड, पलीकडे सगळं पेटलेलं."

नूतनने चष्मा कपाळावर चढवला. "अगं, माझा स्क्रीनवरचा एक चौकोनच तिच्याहून मोठा आहे. चौकोनाहून बारीक रेघ काढायची म्हटलं तर एक तर ती गायब होते, नाहीतर करवतीसारखी दातेरी येते."

प्रज्ञा हसली. "झालं. पहिली चार पानं तुम्ही एका वाक्यात सांगितली."

मग तिने सांगितलं ते नूतन काम करता करता ऐकत गेली. बाहेर उन्हात कुणाच्या तरी गच्चीवर वाळत घातलेल्या साड्या हलत होत्या आणि त्यांचे रंग भिंतीवर येऊन जाऊन करत होते. त्या उजेडात सगळं कुणी झोपेत सांगावं तसं वाटत होतं.

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या काळात, अमेरिकेत, अणुबॉम्ब बनत होता त्या डोंगरावरच्या बंदोबस्तातल्या गावात हे सुरू झालं. तेव्हा कम्प्युटर म्हणजे मशीन नव्हतंच, बायका होत्या. हिशेब करणाऱ्या बाईलाच कम्प्युटर म्हणायचे. ओळीने टेबलं, प्रत्येकीपुढे आकडेमोडीचं यंत्र. एक फक्त गुणाकार करी, दुसरी फक्त बेरीज, आणि कागद पुढे सरकवला जाई.

"साड्यांचे सुटे धागे कापायला, धागाकटिंगला बायका बसतात तशा," नूतन म्हणाली.

"तशाच. आणि त्यातल्या कितीतरींना माहीत नव्हतं, कसला हिशेब चाललाय ते."

मग भोकं पाडलेली कार्डं खाणारी मशिनं आली, मग खरे कम्प्युटर. दारूगोळ्याचे मनातल्या मनात चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनाला विचारायचं, तुझा दाब किती, तुझी ऊब किती, शेजाऱ्याला काय दिलंस. पण लाट आली की आकडे थरथरायला लागत. केसाहून बारीक गोष्ट चौकोनात मावेना. शेवटी पन्नास सालच्या सुमारास दोन गणित्यांनी युक्ती काढली. त्यांनी हिशेबात एक खोटा चिकटपणा घातला, खऱ्या पदार्थात नसलेला. त्यामुळे लाट तीन-चार चौकोनांवर पसरली, जाड झाली, आणि आकडे शांत झाले.

"म्हणजे सुताला खळ लावतात तसं," नूतन म्हणाली. "विणताना तुटू नये म्हणून."

"वा, मावशी!"

"पण खळ आम्ही नंतर धुऊन काढतो हो. त्यांनी धुतली?"

"नाही," प्रज्ञा म्हणाली. "अजून आहे. तुम्ही आत्ता काढताय ना, त्या लाटेतपण आहे."

नूतनला ते आवडलं. पाऊणशे वर्षांपूर्वीची कुणाची तरी खळ तिच्या माउसखाली चिकटलेली होती.

"आणि मग पुढची अडचण," प्रज्ञा सांगत राहिली, "प्रत्येक चौकोन पेटतो कधी? आतली आग मोजणं फार जड जायचं त्या मशीनला. मग सोपं केलं. ठिणगीपासून चौकोन किती लांब ते मोजायचं, आणि त्याला आधीच सांगून ठेवायचं, तू अमुक वाजता पेट. वेळ झाली की तो बिचारा पेटतो. बरीच वर्षं असंच चाललं. अजूनही चालतं."

नूतनचा हात थांबला. "ठिणगीपासून. म्हणजे ठिणगी कुठे आहे, ते त्याला आधीच सांगतात?"

"सांगावंच लागतं."

"तो शोधत नाही?"

"तो कसा शोधेल, मावशी? आपण ठेवतो, तो पेटवतो."

"गॅसचं असलं तरी?"

"गॅसचं गणित निराळं. तो भडका असतो, इतका वेगवान नसतो बहुतेक वेळा. पण ठिणगी तिथेही माणूसच ठेवतो." एवढं बोलून प्रज्ञाने वर बघितलं. समोरच्या कॉटवर छगन पाठ करून पडला होता आणि त्याच्या हातात ती फिल्लम निळी-नारिंगी होत होती. काय विचारलं जातंय ते तिच्या आत्ता लक्षात आलं.

नूतनने उठून त्याच्या हातातला मोबाइल काढून घेतला. छगनने तो असा दिला, जसा झोपलेल्या मुलाच्या मुठीतून खुळखुळा निघावा.

प्रज्ञाने फिल्लम एकदाच बघितली. मग पहिल्या सेकंदावर नेऊन थांबवली. "हा बारीक पांढरा क्रॉस दिसतो? पिवळं उमटायच्या आधी? ती ठेवलेली ठिणगी."

क्रॉस नूतनने शंभरदा बघितला होता. बघून सोडून दिला होता. छपाईत एका रंगाची जाळी दुसऱ्या रंगावर बरोबर बसावी म्हणून डिझाइनच्या कडेला असेच क्रॉस असतात, जुळणीची खूण. ते डिझाइनचा भाग नसतात. ते कुणी बघायचे नसतात. तिने तो डोळ्यांनीच कापून टाकला होता, काठाबाहेरच्या कापडासारखा.

प्रज्ञा गेल्यावर नूतन छगनच्या चांगल्या कानाशी बसली आणि तिने सगळं मोठ्याने सांगितलं. कलाबाई दारात उभी राहून ऐकत होती. दोन घरं पलीकडेही ऐकू गेलं असेल.

छगनने कूस बदलली. मग म्हणाला, "पण माझा हात होता ना व्हॉल्व्हवर. गरम लागला मला."

"कुठला हात?"

"हात. माझा."

"अहो, पण उजवा का डावा?"

त्याने दोन्ही तळवे पुढे धरून बघितले. दोन्ही भाजून बरे झालेले, कोवळ्या गुलाबी कातडीचे, नव्या बाळाचे असावेत तसे. त्याने ते उशीखाली घातले आणि डोळे मिटले. "सोमवारी सही करतो, म्हणजे संपलं," तो म्हणाला.

रविवारी दुपारी वीज गेली आणि नूतनचा पंख्याखालीच डोळा लागला. ती त्या निळ्या चौकोनांवरून चालत होती. फरशी गार होती. प्रत्येक चौकोनात एकेक बाई टेबल घेऊन बसलेली, केस वर बांधलेले, पायाशी डबा. कुणी गोरी, कुणी उधन्याचीच. नूतनने एकीला विचारलं, हे काय जळतंय, ताई? ती मान वर न करता म्हणाली, "आम्हाला सांगितलेलं नाही. मी फक्त गुणते." पुढची म्हणाली, "मी फक्त शेजारणीला देते." नूतन तीन नंबरपाशी पोहोचली. तिथे छगन नव्हता. तिथे नुसता एक आकडा होता, आणि तो थंडीत कुडकुडल्यासारखा थरथरत होता. तिला त्याच्यावर काहीतरी पांघरावंसं वाटलं. तेवढ्यात ओळीच्या टोकाची बाई उठून आली. तिच्या हातात डब्याचं झाकण, आणि झाकणात एक पिवळी ठिणगी, हळदीच्या बोटाएवढी. "बाई, ही कुठे ठेवू?" तिने विचारलं. सगळ्या माना वर झाल्या. सगळ्या नूतनकडे बघत होत्या.

वीज आली. पंखा कुरकुरत फिरू लागला. नूतन उठून बसली, तेव्हा तिला एक गोष्ट पक्की कळली होती, आणि ती काही बरी गोष्ट नव्हती. अडीच महिने ती छगनला औषध देत होती, त्याची गोधडी बदलत होती, आणि एकदाही तिने म्हटलं नव्हतं, की तुम्ही केलं नसेल. तिनेही ठिणगी त्याच्याचपाशी ठेवली होती.

हे तिने त्याला सांगितलं. ओरडूनच सांगावं लागलं. असली गोष्ट कानात कुजबुजायची सोय राहिली नव्हती.

छगन उठून बसला. "मग उद्या तू चल," तो म्हणाला.

चौकशीच्या खोलीत साहेब होते, एक टायपिस्ट होता, आणि तपास कंपनीचा नितीनभाई होता, तिशीचा, लॅपटॉपवर स्फोट घेऊन आलेला. बाकावर ललित होता. काळा चष्मा. छगनने त्याला बघितलं आणि नजर फरशीवर ठेवली.

साहेबांनी कागद पुढे सरकवला. छगनने पेन घेतलं, तेव्हा नूतन उभी राहिली. तिचं हिंदी गुजराती वळणाचं आणि मराठी चालीचं होतं.

"साहब, एक पूछना है. आग यहाँ से लगी, ये कम्प्युटर को किसने बताया?"

साहेबांनी नितीनभाईकडे बघितलं. नितीनभाईला वाटलं असतं तर तो पाच मिनिटं इंग्रजी बोलू शकला असता. पण तो सरळ माणूस निघाला. "वो तो हमने ही रखा है, बेन. वो अंदर देना पडता है."

"किस आधार पे?" साहेब म्हणाले.

"सुपरवायजर ने बताया था. बाकी वॉल्व के पास कोई नहीं था, तीन नंबर पे आदमी था. तो वहीं रखा."

माणूस होता, म्हणून तिथे.

"दूसरी जगह रख के दिखाओ," नूतन म्हणाली.

"पूरा चलाने में दो दिन जाता है, बेन."

"मोठे चौकोन घ्या," नूतन मराठीतच म्हणाली. "मोटा मोटा. नक्षी बिघडली तरी चालेल, काठ कुठवर जातो ते दिसू दे."

नितीनभाईने तिच्याकडे जरा निरखून बघितलं आणि लॅपटॉप जवळ ओढला. प्रत्येक खेपेला दहा-बारा मिनिटं लागत होती. चहा आला. साहेबांनी दोन फोन केले. ठिणगी दुसऱ्या कोपऱ्यातल्या पाइपच्या वळणावर ठेवली; त्याच खिडक्या फुटल्या. पंख्यापाशी ठेवली, त्याच फुटल्या. विजेच्या बोर्डापाशी ठेवली. पुन्हा त्याच, एखादी जास्त.

"शेठच्या केबिनमधून लावून बघा की एकदा," बाकावरून ललित म्हणाला. त्याचा तो पहिला शब्द.

टायपिस्ट फिसकन हसला. नितीनभाईने खरंच तिथेही ठेवून बघितली. मागच्या बाजूच्या खिडक्या फुटल्या, ज्या खऱ्या स्फोटात शाबूत राहिल्या होत्या.

"नाही बाबा," ललित म्हणाला. "शेठ सुटले."

छगनला यातलं बोलणं ऐकू येत नव्हतं. तो फक्त स्क्रीन बघत होता. "बोर्डाचं परत लावा," तो एकदम म्हणाला, बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात.

पुन्हा लावलं. पिवळं पलीकडच्या भिंतीला उमटलं. मोठे मोठे चौकोन एकामागून एक नारिंगी होत आले, ओबडधोबड, पायऱ्या उतरल्यासारखे. तीन नंबरचा चौकोन अजून निळा होता. निळाच होता. मग शेजारचा ललितचा पेटला, आणि मग तो.

"मी तिथे उभा होतो," छगन म्हणाला. कुणाला म्हणाला, कोण जाणे. "ते माझ्याकडे आलं."

नूतनने त्याच्या दंडाला हात लावला. तो तिच्याकडे वळला. "की व्हॉल्व्हपासून गेलं, नूतन? दोन्ही दिसतंय आता मला. दोन्ही तितकंच खरं दिसतंय." त्याने पुन्हा आपले हात बघितले. "हाताचंही माहीत नाही मला. उजवा का डावा, खरंच माहीत नाही."

"तो फिर क्या लिखूँ?" साहेब कंटाळून म्हणाले. नूतनने ते छगनला ओरडून सांगितलं.

"लिखो," छगन म्हणाला, "मुझे याद नहीं."

"याद नहीं, ये जवाब नहीं होता."

"मेरा तो इतना ही है, साहब."

साहेबांनी नितीनभाईकडे बघितलं. नितीनभाई म्हणाला, की ठिणगीची जागा यावरून नक्की होत नाही, असं तो लिहून देईल. अहवालात ते एकेचाळिसाव्या पानावर तसं लिहिलेलंही होतं, बारीक अक्षरात. साहेबांनी एकेचाळिसावं पान काढलं. बराच वेळ वाचलं. मग टायपिस्टकडून नवा कागद करून घेतला. छगनने तो दोनदा वाचला, तिसऱ्यांदा नूतनकडून वाचून घेतला, आणि मग सही केली.

व्हॉल्व्ह बंद होता, असं त्यात कुठेच नव्हतं. नूतनला थोडं वाईट वाटलं. ती मनातल्या मनात पूर्ण सुटकेची तयारी करून आली होती, पेढ्यांपर्यंत. पण कागद खरा होता, आणि तो चार चौकोनांवर पसरवून जाड केलेला नव्हता.

बाहेर आवारात उन्हाने सगळं पांढरं पडलं होतं. ललित पायरीवर बसून चष्मा पुसत होता. चष्मा काढलेला असल्यामुळे त्या डोळ्याची मिटलेली जागा दिसत होती, नीट शिवलेली. छगन त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"अडीच महिने लागले का रे तुला, भाऊ?" ललित म्हणाला.

"काय?"

"अडीच महिने!" ललित ओरडला. "मीपण ती फिल्लम बघितली. मला वाटलं, येईल, सांगेल, मी नाही केलं. नाहीतर सांगेल, मी केलं. मारला असता तुला, नाहीतर चहा पाजला असता. पण येईल तर!"

"मला माहीत नाही रे, ललित," छगन म्हणाला. "मी केलं का, ते मला माहीत नाही. कधी कळेल असं वाटतही नाही."

"हां," ललित म्हणाला. पायरीवर तो थोडा सरकला, जागा झाली. छगन बसला. नूतन नळापाशी बाटली भरायला गेली आणि भरून झाल्यावरही तिथेच थांबली.

"दुखतं का?" छगनने विचारलं.

ललित सांगायला लागला. पहिल्यांदा पट्टी सोडली तेव्हा काय झालं, जिना उतरताना पायऱ्या कशा एकात एक मिसळतात, सासूच्या हातातून चहाचा कप घेताना हात दोन इंच अलीकडेच कसा बंद होतो. मोठ्यानेच सांगावं लागत होतं, त्यामुळे सगळ्या आवाराला ऐकू जात होतं. शिपाई थांबला, रिक्षावाल्याने मान बाहेर काढली. छगन कान पुढे करून, तोंड किंचित उघडं टाकून ऐकत होता, आणि मध्येच हात वर करून म्हणत होता, थांब, हे परत सांग.